शेवंतीची झोपमोड

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी अकरा वर्षांत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. चहा-बिस्किटं आली की उघडायचो, तेवढंच. टाकीची गळती असो, लिफ्टचा मेंटेनन्स असो, चौथ्या मजल्यावरच्या कुत्र्याने कुणाची चप्पल पळवलेली असो, सेक्रेटरींची मान जिकडे हलेल तिकडे माझी हलायची. गेल्या हिवाळ्यात मात्र एकाच विषयावर मी इतक्या हरकती घेतल्या की, 'सदर सभासदांनी नेहमीप्रमाणे हरकत घेतली' असा रबरी शिक्काच करून घेऊ का, असं खजिनदारांनी विचारलं. विषय होता पार्किंगमधल्या एका दिव्याचा. आणि मला वाचा फुटली होती ती शेवंतीमुळे.

शेवंती म्हणजे फूल. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यावरून एक घोटाळा व्हायचा आहे.

त्याच्या आदल्या दिवाळीत हिने नर्सरीतून ऐंशी रुपयांना शेवंतीची एक कुंडी आणली. पिवळीधमक, पानांपेक्षा फुलंच जास्त. फराळाला येणारा प्रत्येक जण आधी शेवंतीचं आणि मग चिवड्याचं कौतुक करायचा. चकलीचा विषय कुणी काढला नाही, आणि त्याचं श्रेयही मी मनातल्या मनात शेवंतीलाच दिलं. महिनाभर फुलून, सुकून, तपकिरी होऊन ती बसली, तेव्हा हिने कुंडी उचलली आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाली.

"थांब! ही बहुवर्षायू आहे," मी म्हणालो. हा शब्द मी आदल्याच रात्री वाचला होता आणि तो कुठे तरी वापरायला मिळावा म्हणून सकाळपासून वाट बघत होतो.

"म्हणजे काय?"

"म्हणजे दरवर्षी फुलते. नुसती छाटायची, खालून पुन्हा येते."

"तुम्ही टोमॅटो लावले होते तेव्हाही असंच काहीतरी म्हणाला होतात."

"टोमॅटो वर्षायू असतो."

"आपल्याकडचा आठवडायू निघाला," असं म्हणून तिने कुंडी माझ्या हातात दिली. ती कुंडी घेतली तिथे माझं चुकलं.

चार बोटं ठेवून वरचं सगळं छाटलं. माघ सुरू झाला तसे त्या वाळक्या खुंटांच्या भोवती मातीतून हिरवे कोंब डोकावायला लागले. हे फुटवे. नर्सरीवाला त्यांना 'सकर' म्हणतो. खुरपीने हलकेच मोकळे केले, तर प्रत्येकाला खाली स्वतःची पांढरी मुळं. एकाची सात झाडं, तीही फुकट! आयुष्यभर फिक्स्ड डिपॉझिटवर समाधान मानलेल्या माणसाच्या हातात एका हंगामात सातपट झालेली गोष्ट आली की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझं राहिलं नाही.

मे महिन्यात त्या सातांचे शेंडे खुडायची वेळ आली. शेंडा खुडला की झाड उंच जायचं सोडून बाजूने फांद्या काढतं आणि जितक्या फांद्या तितकी फुलं, असा हिशेब असतो. पण खुडलेला शेंडा टाकवेना. चार बोटांची काडी घ्यायची, खालची पानं काढायची, वाळू आणि कोकोपीटमध्ये खोचायची, वर पाण्याची अर्धी कापलेली बाटली उपडी घालायची, की दोन-तीन आठवड्यांत तिला मुळं फुटतात. काडी लावूनही कुठे भांडण झालं नाही, असं माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. 'मुळं फुटेपर्यंत काडी हलवू नये' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी रोज सकाळी चहा घेताघेता एकेक उपटून, मुळं आली का ते बघून परत खोचत होतो. एवढा छळ सोसूनही चोवीस काड्या जगल्या. शेवंती ही किती सोशिक जात आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, माझ्या हाताला गुण आहे.

सात आणि चोवीस एकतीस. आमची गॅलरी दहा फूट बाय चार. त्यातले दोन फूट कपडे वाळत घालायच्या स्टँडचे, आणि त्या हद्दीबद्दल वाटाघाटीला जागा नव्हती.

मग वाटप सुरू झालं. मुलाच्या दहावीचे पेढे घेऊन आलेले मामेभाऊ जाताना दोन रोपं घेऊन गेले. पोलिओचा डोस विचारायला आलेल्या ताईंना एक दिलं. आमच्याकडे पाच वर्षांखालचं कुणी नाही हे ऐकून त्या निघाल्या होत्या, पण मी सोडलं नाही. हळूहळू आमच्याकडे येणारे लोक दारातूनच बोलून जायला लागले. गंमत म्हणजे, रोप चोरून आणलं तरच ते जगतं, यावर आपल्या लोकांचा गाढ विश्वास. दिलेलं रोप म्हणजे उपकार, चोरलेलं म्हणजे हातखंडा. म्हणून मी सहा रोपं लिफ्टजवळ ठेवून, 'मी बघत नाहीये' असा चेहरा करून घरात जाऊन बसलो. संध्याकाळी बघतो तर सहाच्या सहा जागेवर, आणि शेजारी कुणीतरी आपली अर्धमेली कोरफड आणून ठेवलेली.

शेवटी तळमजल्यावरच्या देशपांडेकाकूंना दया आली.

"द्या हो एक. कुठेतरी ठेवते," त्या म्हणाल्या.

"काकू, नुसतं कुठेतरी नको. हिला चार-पाच तास ऊन लागतं, मुळाशी पाणी साठलेलं चालत नाही..."

"बरं बरं," म्हणत त्यांनी ते रोप रंगाच्या एका रिकाम्या डब्यात खोचलं आणि मागच्या अंगाला, पाण्याच्या पंपाशेजारी नेऊन ठेवलं. माझ्या पोटात कालवलं. लेक दिली आणि सासर असं निघालं!

घरी ठेवलेल्या अकरा कुंड्यांचं मात्र मी काही कमी पडू दिलं नाही. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून चहाचा चोथा, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं म्हणून आंबट ताक, आणि कुणी सांगितलेलं आठवत नाही पण घातली खरी, अशी अंड्याची टरफलं. झाडाला काय घालावं यावर मत नसलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. ज्याच्या घरी प्लॅस्टिकची तुळस आहे तोही कुंडीत बोट घालून "माती कडक आहे" म्हणून जातो.

श्रावणात कोवळ्या शेंड्यांवर मावा आला. टाचणीच्या डोक्याएवढे काळपट किडे, एकमेकांना चिकटून बसलेले, सहा वीसच्या कर्जत लोकलसारखे. यातला अपमान असा की, पायरेथ्रम नावाचं जे जुनं कीटकनाशक आहे, ज्याच्यापासून पहिली डासांची कॉइल बनली, ते निघतं शेवंतीच्याच जवळच्या नात्यातल्या एका पांढऱ्या फुलापासून. एक बहीण जगभरातले डास मारते आणि दुसरी आमच्या गॅलरीत माव्याला पोसते. तंबाखूचं पाणी फवारा, असा सल्ला आला. आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला मी टपरीवर जाऊन "जरा कडक बघून द्या" म्हणालो, आणि वळलो तर मागे आमचे जुने साहेब उभे. "घरी फवारायला हवी होती," मी म्हणालो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि रिटायरमेंटनंतर मन रमवायचे इतरही मार्ग असतात, असं हळू आवाजात सांगितलं.

गणपती आले, गेले. गौरी बाजारातल्या फुलांवर भागल्या. दसऱ्याला माझी झाडं कमरेला लागत होती. हिरवीगार, घट्ट, भरदार, पण कळी नाही एकही. कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा पान चुरगाळून वास घेतला आणि विचारलं, "काका, ही भाजी परतून करायची का पातळ?" दिवाळी आली. हिने गुलटेकडीहून अर्धा किलो शेवंती आणली आणि माझ्या देखत, माझ्या अकरा कुंड्यांसमोर बसून तिचा हार ओवला. एक शब्द बोलली नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात हिला काय काय न बोलता सांगता येतं, हे आता शिकण्यासारखं राहिलेलं नाही.

पाडव्याला सकाळी देशपांडेकाकू वर आल्या. हातात ताटली, ताटलीत पिवळी शेवंती, वीस-पंचवीस तरी फुलं.

"तुमचीच हो ही. पंपाशेजारची. किती ती फुलते! मला तर हिच्याकडे बघायलाही वेळ होत नाही."

"काय घालता हिला?" माझा आवाज बसला होता.

"घालते काय? भांडी विसळलेलं पाणी जातं तिकडून, तेवढंच."

भाऊबीजेला भाचा आला. हा राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला, त्यामुळे घराण्यात कुणाची कढीपत्त्याची कुंडी जरी वाळली तरी त्याला फोन जातो. जेवण झाल्यावर रात्री दहाला त्याला गॅलरीत नेलं. त्याने पानं बघितली नाहीत, माती बघितली नाही. स्टँडवर पडलेलं वर्तमानपत्र उचललं आणि तिथे उभ्याउभ्या छोट्या जाहिराती वाचायला लागला.

"मामा, रात्री दहाला इथे वधू-वर सूचक वाचता येतं."

"येतंच. हा दिवा आहे ना."

"रात्रभर असतो?"

"उजाडेपर्यंत."

"मग ही झोपणार कधी?"

तो दिवा म्हणजे आमच्या सोसायटीचा मानबिंदू. तीन वर्षांपूर्वी पार्किंगमधून एक सायकल चोरीला गेली. तिला चेन नव्हती आणि एक पेडल नव्हतं, त्यामुळे चोराने ती ढकलत नेली असणार, आणि ढकलत नेताना ती कुणालाच दिसली नाही याचाच सगळ्यांना जास्त राग आला. दुसऱ्याच मीटिंगला पन्नास वॅटचा एलईडी फ्लडलाइट मंजूर झाला आणि बरोबर आमच्या गॅलरीच्या कठड्याखाली, तोंड जरासं वर करून बसवला गेला. सायकल मिळाली नाही. पण तेव्हापासून आमच्या गॅलरीत रात्र झालेली नाही.

भाच्याने सांगितलं ते असं. शेवंती दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की कळ्या धरते. ती कॅलेंडर बघत नाही, अंधार मोजते. आणि अंधार सलग लागतो. मध्येच उजेड पडला की तिच्या हिशेबाने रात्र झालीच नाही. नुसती पानं काढत बसते. पॉलिहाऊसवाले याच गोष्टीवर धंदा करतात. दांडा लांब हवा असेल तेव्हा रात्री बल्ब लावून तिला जागवायचं, फुलं हवी तेव्हा संध्याकाळी काळं कापड ओढून झोपवायचं. काकूंच्या पंपाशेजारी मिट्ट काळोख असतो, कारण तिथला बल्ब गेल्याला चार वर्षं झाली आणि तिथून कुणाची सायकल गेलेली नाही.

"म्हणजे मी वर्षभर जे खत घातलं..."

"ते पोचलं की. बघ ना कशी गुबगुबीत झालीयेत."

गार्नर आणि अॅलार्ड नावाच्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी ही भानगड १९२० साली जगापुढे मांडली, हेही त्याने सांगितलं. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती, ती उन्हाळाभर उंचच उंच वाढायची पण फुलायची नाही. ते तिच्या कुंड्या दुपारीच उचलून अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढायचे. मग ती फुलली. हे ऐकल्यावर मला धीर आला. तंबाखूने माझी अब्रू घालवली होती, तीच आता मार्ग दाखवत होती.

अमेरिकन सरकारच्या नोकरीत खोपट मिळत असेल. मला बाथरूम मिळालं. रोज संध्याकाळी सहाला अकरा कुंड्या गॅलरीतून बाथरूममध्ये आणि सकाळी परत. तिसऱ्या दिवशी पहाटे ही आंघोळीला गेली, दिवा लावला, आणि पाठोपाठ अंधारात जंगलात शिरल्यावर माणूस ओरडतो तशी ओरडली. चौथ्या दिवशी माझी कंबर गेली. डॉक्टरांनी विचारलं, "जड काही उचललंत?" मी म्हटलं, "शेवंती." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही.

मग कुंड्यांऐवजी अंधारच उचलून आणायचं ठरवलं. अकरातल्या पाच कुंड्या निवडल्या, बाकीच्या नशिबावर सोडल्या. आमच्या वडिलांची काळी घोंगडी माळ्यावर होती. गावाकडे तिन्हीसांजेला कोंबड्या डालग्याखाली झाकायचे तशी मी रोज सहाला कुंड्यांवर घोंगडी टाकायला लागलो, कडा विटांनी दाबायला लागलो आणि सकाळी आठला उचलायला लागलो. कोंबड्या निदान आपल्या पायाने आत जायच्या.

याने माझं सार्वजनिक आयुष्य संपलं. एका रिसेप्शनला साडेपाचलाच नवरा-नवरीच्या आधी स्टेजवर जाऊन मी रिकाम्या खुर्च्यांपुढे अहेराचं पाकीट घेऊन उभा राहिलो.

"अहो, जेवून जा ना, एवढी काय घाई?" मुलाचे काका म्हणाले.

"सहाच्या आत पोचायला हवं. शेवंतीला झोपवायचंय."

"बरं बरं. नात का?"

"नाही हो, बायकोने आणलेली. आता कमरेएवढी झालीये, पण उजेडात झोपत नाही."

ते गृहस्थ पुढच्या महिन्यात रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी फार मायेने "शेवंती कशी आहे आता?" असं विचारलं, आणि तिच्यासाठी एका चांगल्या डॉक्टरांचं नाव सुचवलं.

सोसायटीत निराळंच शिजत होतं. रोज तिन्हीसांजेला मी वाकून काळ्या कांबळ्याखाली काहीतरी ठेवतो, चार बाजूंना चार विटा मांडतो आणि तोंडाने पुटपुटतो, हे समोरच्या विंगमधून दिसत होतं. पुटपुटत मी एवढंच होतो की, 'आई गं, कंबर.' पण त्यातच अमावास्या आली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला, 'बी विंग, पहिला मजला, गॅलरीत काय चालले आहे याचा कमिटीने खुलासा करावा. घरात लहान मुले आहेत.' खाली अकरा जणांचे हात जोडलेले. मी लिहिलं, 'शेवंतीला दिवस लहान लागतो.' त्यावर कुणीतरी लिहिलं, 'कुणाचे दिवस?'

सगळं सोसलं. तीन आठवडे झाले तरी कळी मात्र दिसेना. भाच्याला फोन केला.

"मामा, पूर्ण झाकतोस ना? फटीतून उजेड?"

"छे. विटा लावतो."

"मध्ये उघडत नाहीस ना?"

"अजिबात नाही," मी म्हणालो.

"रात्री बाराला उघडता की," स्वयंपाकघरातून आवाज आला.

आता हे उघडणं म्हणता येईल का, हा प्रश्न आहे. मावा रात्री निवांत असतो असं मला वाटायचं. म्हणून मी बाराच्या सुमाराला घोंगडीची एक कड उचलून, मोबाइलची टॉर्च लावून, एकेक शेंडा बघत किडे वेचायचो. आणि आत गेलोच आहे तर कळी आली का तेही बघायचो. फार नाही, अर्धा तास. फारतर पाऊण. फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचा म्हणाला, "मामा, सोसायटीचा दिवा निदान लांब तरी होता."

टॉर्च बंद केली. पण आता घोंगडीवरचाच विश्वास उडाला होता. मी सोसायटीला रीतसर अर्ज दिला: सायंकाळी सहा ते सकाळी सहा या वेळेत पार्किंगमधला दिवा बंद ठेवावा.

"म्हणजे अंधार पडला की बंद करायचा आणि उजाडलं की लावायचा?" सेक्रेटरींनी विचारलं.

"असं म्हणता येईल."

"आणि फुलासाठी?"

"जपानच्या राजमुद्रेवर आहे हे फूल. सोळा पाकळ्यांचं."

"जपानमध्ये सायकली चोरीला जात नसतील," खजिनदार म्हणाले, आणि अर्ज फाईल झाला.

त्यानंतर आठ दिवसांनी, डिसेंबरच्या मध्यावर, दिवा आपोआप गेला.

मी काही केलं नव्हतं. हे मी देवासमोर सांगितलं, कमिटीसमोर सांगितलं, वॉचमन शिंदेमामांसमोर तीनदा सांगितलं. पण दिवा माझ्या हातापासून दोन फुटांवर, मी त्याचा जाहीर शत्रू, आणि माझ्याकडे काळी घोंगडी. शिंदेमामा तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, केलं असेल तर मला सांगा, मी कुणाला बोलणार नाही. पण शॉक लागला असता की हो." इलेक्ट्रिशियन आला. त्याने शिडी लावून दिवा उघडला, तर आत पालीची अंडी आणि पावसाचं पाणी. माझी निर्दोष सुटका झाली, तरी तेव्हापासून जिन्यात भेटल्यावर लोक हळूच हसतात आणि "मानलं तुम्हाला" म्हणतात.

नवा दिवा घ्यायचा म्हणजे आमच्याकडे तीन कोटेशनं लागतात. कचऱ्याच्या बादलीलाही लागतात. या पद्धतीला मी आजवर मनातल्या मनात काय काय नावं ठेवली होती! त्या दिवशी मात्र मी भाच्याकडून हिशेब घेतला. सलग अंधार सुरू झाल्यापासून फुलायला आठ-दहा आठवडे लागतात. म्हणजे दिवा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येता कामा नये. एवढ्या थोर कार्याला तीन कोटेशनं पुरतील का, अशी मला धास्ती वाटली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी मीटिंगमध्ये हात वर केला.

"कोटेशन आलंय ते पन्नास वॅटचं आहे. आपण तीस वॅटचाही भाव मागवायला हवा," मी म्हणालो. सगळ्यांनी वळून बघितलं. सूचना मंजूर झाली. पुढच्या मीटिंगला मी वॉरंटी एक वर्षाची की दोन, हे काढलं. त्यानंतरच्या वेळी जीएसटी धरून की सोडून. एका कोटेशनवर तारीखच नव्हती. तेही मीच भिंग लावून शोधून काढलं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर माझ्यावर इतके खूश झाले की त्यांनी मला पुढच्या निवडणुकीला उभं राहायची गळ घातली.

इकडे गॅलरीत खरोखरची रात्र पडायला लागली होती. संक्रांतीला सकाळी मी शेंड्याची पानं बाजूला केली, तर आत तिळाएवढं काहीतरी हिरवं, गोल. हिला हाक मारली. ही तिळगूळ वळता वळता आली, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "मावा असेल." पण आठवड्याने ते ज्वारीच्या दाण्याएवढं झालं, मग वाटाण्याएवढं, आणि वाटाण्याला वरून पिवळी चीर पडली. मी दिवसातून एकदाच बघायचो, तेही उजेडी, आणि हात पाठीमागे बांधून. हे सगळ्यात अवघड होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं फूल उमललं. आतापर्यंतचा खर्च हिने वाणसामानाच्या वहीत लिहून ठेवला होता: ऐंशी रुपयांपासून सुरू होऊन कंबरेच्या पट्ट्यासह तीन हजार चारशे साठ. "म्हणजे हे एक फूल एवढ्याला पडलं," ती म्हणाली. मी तिला समजावलं की शास्त्राप्रमाणे शेवंतीचं एक फूल हे एक फूल नसतंच. जिला आपण पाकळी म्हणतो ती प्रत्येक स्वतंत्र फूल असते, आणि मधल्या बोंडात आणखी बारीक फुलांची दाटी असते. त्या हिशेबाने आपल्याकडे आत्ता शेकडो फुलं आहेत आणि भाव मार्केटयार्डाच्या खाली आलाय. तिने वही मिटली. संध्याकाळी मात्र ते फूल देवाला न वाहता कुंडीतच राहू दे, असं तिनेच सांगितलं, आणि देशपांडेकाकूंना बघायला बोलावून आणलं.

काकूंनी फूल पाहिलं, छान म्हणाल्या, आणि जाताना कठड्यावरून खाली डोकावल्या.

"दिवा कधी येतोय हो? परवा अंधारात त्या गाडीवर आपटले मी."

त्यांनी गुडघा दाखवला, चांगला काळानिळा झालेला. मला फार वाईट वाटलं. रात्रभर झोप आली नाही. पण अजून सतरा कळ्या फुलायच्या होत्या. त्यातल्या चार अगदीच ज्वारीच्या अवस्थेत.

रविवारी मीटिंग झाली. वॅट ठरले, वॉरंटी ठरली, जीएसटी ठरला, तारखेवर सही आली. सेक्रेटरी म्हणाले, "चला, दिवा मंजूर. उद्याच बसवून घेऊ. कुणाला काही बोलायचंय?" खजिनदारांनी माझ्याकडे न बघताच पेनाचं टोपण काढलं. मी काकूंच्या गुडघ्याकडे बघितलं, खाली मान घातली, आणि मग हात वर केला.

"ब्रॅकेटचं काय ठरलं?"